नाशिक–नागपूर विमानाने: अंतर कसं मोजायचं, वेळ कसा काढायचा आणि घरातून कधी निघायचं

नाशिकहून नागपूरला विमानाने जायचं ठरलं की पहिला प्रश्न अंतराचा येतो, आणि घोळ तिथेच सुरू होतो. कुठे ५४५ किलोमीटर दिसतात, कुठे ५६०, कुठे ३३९ मैल, कुठे नुसतंच २९४. यातला एकही आकडा तसा खोटा नाही. प्रत्येकाने वेगळ्या जागेवरून नाहीतर वेगळ्या मापाने मोजलंय, एवढंच. वेळेचंही तेच. सव्वा तास म्हणणारा बरोबर असतो आणि पावणेपाच तास म्हणणाराही. माझं म्हणाल तर लहान विमानतळांमधल्या प्रवासात आकाशातला वेळ हा सगळ्यात कमी त्रासाचा भाग. खरा वेळ खातात ते नाशिकचा द्वारका चौक, काउंटरची रांग आणि वेळापत्रक. पण तो हिशेब मांडायला सुरुवात अंतरापासूनच करावी लागते. उदाहरण नाशिक–नागपूरचं घेतलंय. हैदराबाद, अहमदाबाद, इंदूर, गोवा, कुठेही रीत हीच.

आधी विमानतळ पक्का करा

नाशिकचा प्रवासी विमानतळ ओझरला आहे. धावपट्टी हिंदुस्थान एरोनॉटिक्सची, म्हणजे सगळे ज्याला नुसतं ‘एचएएल’ म्हणतात त्या कारखान्याची. मिग आणि सुखोई विमानं इथलीच. प्रवासी टर्मिनलचं उद्घाटन २०१४ साली झालं, आणि ते आहे जानोरीच्या बाजूला, दिंडोरी तालुक्यात. तिकिटावर दिसणारा तीन अक्षरी कोड आयएसके. वैमानिक आणि हवामानखातं वापरतं तो चार अक्षरी कोड व्हीएओझेड.

आता गंमत बघा. नाशिकमध्ये दुसरीही एक धावपट्टी आहे, गांधीनगरची. उपनगर, नाशिकरोड भागातल्या लोकांच्या डोक्यावरून दिवसभर जी लष्कराची हेलिकॉप्टरं घरघरत जातात, ती तिथल्या आर्मी एव्हिएशनच्या प्रशिक्षण शाळेची. काही जुन्या याद्यांमध्ये आयएसके हा कोड अजूनही या गांधीनगरच्या नावावर आहे. अंतर सांगणाऱ्या बऱ्याच साइट अशाच जुन्या यादीवर चालतात. ओझर आणि गांधीनगर यांच्यात सरळ रेषेत सुमारे २० किलोमीटरचा फरक आहे, आणि गांधीनगरहून नागपूर मोजलं की बरोबर ५६० येतात. तेव्हा ५६० दिसले की समजायचं, साइट तुम्हाला लष्कराच्या धावपट्टीवरून उडवतेय.

दुसरा घोळ ओझरचा. मोबाइलच्या नकाशात नुसतं ‘ओझर’ टाकलं तर जुन्नर तालुक्यातलं ओझर समोर येऊ शकतं, अष्टविनायकातल्या विघ्नहराचं. दर्शन चांगलं होईल, विमान मिळणार नाही. बाहेरगावच्या पाहुण्यांना पत्ता पाठवताना ‘नाशिक विमानतळ, जानोरी’ असं लिहा, किंवा सरळ टर्मिनलचं लोकेशन पाठवा. ओझर गावातून एचएएलच्या मुख्य गेटवर जाऊन पोहोचणारे लोक अजूनही भेटतात. तिथून प्रवाशाला आत सोडत नाहीत, वळसा मारून जानोरीच्या बाजूलाच यावं लागतं.

नागपूरच्या बाजूला अशी भानगड नाही. सोनेगावचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ, कोड एनएजी.

अंतर हाताने काढा

यासाठी लागतात फक्त चार आकडे: दोन्ही विमानतळांचे अक्षांश आणि रेखांश. मोबाइलच्या नकाशात धावपट्टीच्या मधोमध बोट दाबून धरलं की ते वर दिसतात. ओझर २०.११९ उत्तर, ७३.९१३ पूर्व. नागपूर २१.०९२ उत्तर, ७९.०४७ पूर्व.

अक्षांशांतला फरक ०.९७३ अंश. एक अंश अक्षांश म्हणजे १११.२ किलोमीटर, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर झालं १०८ किलोमीटर. रेखांशांतला फरक ५.१३४ अंश. इथे थेट १११.२ ने गुणून चालत नाही, कारण विषुववृत्तापासून वर सरकावं तशा रेखांशाच्या रेषा एकमेकींजवळ येत जातात. दोन्ही अक्षांशांच्या सरासरीची कोज्या (कोसाइन) घ्यायची. शाळेत नावडती असलेली कोज्या इथे कामाला येते. सरासरी २०.६ अंश, तिची कोज्या ०.९३६. मग ५.१३४ गुणिले १११.२ गुणिले ०.९३६ केलं की पूर्व-पश्चिम अंतर येतं साधारण ५३४ किलोमीटर. आता पायथागोरस: १०८ चा वर्ग आणि ५३४ चा वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उत्तर ५४५ किलोमीटर.

पृथ्वी गोल असताना सपाट त्रिकोणाचं गणित कसं चाललं, असं कोणी विचारेल. एवढ्या अंतराला चालतं. पृथ्वीच्या गोलाईवरून जाणारी सर्वांत जवळची वाट आणि नकाशावर पट्टी ठेवून ओढलेली रेषा यांच्यात नाशिक–नागपूरसाठी मधोमध जेमतेम दोन किलोमीटरचा फरक पडतो, आणि एकूण लांबीत तर दखल घेण्याइतकाही नाही. दिल्ली–न्यूयॉर्क असतं तर गोष्ट वेगळी. महाराष्ट्राच्या आसपासच्या प्रवासाला कोज्येचे चार आकडे वहीत लिहून ठेवले की काम भागतं: १६ अंशाला ०.९६१, १८ ला ०.९५१, २० ला ०.९४०, २२ ला ०.९२७.

कधीकधी कोज्याही लागत नाही. ओझर आणि गोव्यातलं मोपा जवळपास एकाच रेखांशावर आहेत, ७३.९ च्या आगेमागे. अक्षांशांतला फरक ४.३९ अंश, गुणिले १११.२, झाले ४८८ किलोमीटर. पुण्याचा लोहगाव विमानतळही ओझरच्या अगदी नाकासमोर दक्षिणेला आहे: १.५४ अंश, म्हणजे १७१ किलोमीटर. याच रीतीने हैदराबाद ५७३ येतं, अहमदाबाद ३५४, इंदूर ३४९, बेंगळुरू ८६९ आणि दिल्ली ९९२.

राहिला मापाचा प्रश्न. विमानवाले सागरी मैलांत बोलतात. अक्षांशाच्या एका अंशात ६० कला, आणि एक कला म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. ५४५ ला १.८५२ ने भागलं की २९४ येतात. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा, त्याने भागलं की ३३९. सुरुवातीचे चारही आकडे इथे जुळले.

रेषा आणि प्रत्यक्ष वाट

नकाशावर ओझर आणि सोनेगाव यांना जोडणारी रेषा ओढून बघा. ती मनमाडच्या जवळून निघते, अजिंठ्याच्या थोड्या दक्षिणेने जाते, बुलढाणा आणि अकोल्याच्या जवळजवळ डोक्यावरून पुढे बडनेऱ्याजवळून नागपूरला भिडते. म्हणजे रेल्वेने जाणाऱ्याला पाठ असलेली नावंच बरीचशी. फरक एवढाच की रेल्वे जळगाव-भुसावळचा वळसा घेते आणि तिचं नाशिकरोड–नागपूर अंतर ६५० किलोमीटरच्या घरात जातं.

विमान मात्र या रेषेला चिकटून उडत नाही. ठरलेल्या बिंदूंवरून जाणारे हवाई मार्ग असतात, त्यांत वाट वाकते. त्याहून जास्त फरक पडतो तो चढताना आणि उतरताना. ओझरची धावपट्टी तीन किलोमीटर लांब आणि जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे. विमान नेहमी वाऱ्याच्या तोंडावर उडतं आणि उतरतं. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे नागपूरला जाणारं विमान आधी त्र्यंबकच्या दिशेने तोंड करून उडणार आणि मग सावकाश वळून पूर्वेला येणार. यात चार-पाच मिनिटं सहज जातात. वारा पूर्वेचा असेल तर धावपट्टी सोडताच तोंड जवळपास नागपूरकडे. सोनेगावची धावपट्टी वायव्य-आग्नेय आहे. वायव्येचा वारा असला की पश्चिमेकडून आलेल्या विमानाला विमानतळाच्या पलीकडे आग्नेयेला जाऊन परत फिरावं लागतं. हे सगळं धरून ५४५ चे साधारण ५७० ते ५९० होतात. म्हणजे पाच ते आठ टक्के जास्त. पुढे वेळेच्या रीतीत वर धरलेल्या मिनिटांत ही वाढ आलीच आहे, म्हणून तिथे अंतर सरळ रेषेचंच घ्यायचं.

आकाशातला वेळ

इथे आधी बघायचं ते विमान कोणतं आहे. प्रादेशिक मार्गांवर मुख्यतः दोन जाती भेटतात. एक एटीआर ७२, पंख्यांचं, साधारण ७० ते ७८ आसनांचं, वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. दुसरं एअरबस ए-३२० सारखं जेट, १८० च्या आसपास आसनं, वेग ताशी ८३० च्या आसपास. तिकीट काढताना विमानाचा प्रकार बारीक अक्षरात लिहिलेला असतो, तो वाचा.

नुसतं अंतर भागिले वेग करू नका. विमान गेटपासून धावपट्टीपर्यंत रांगत जातं, चढताना पूर्ण वेगात नसतं, उतरण्याआधी मंदावतं, उतरल्यावर पुन्हा रांगतं. मी अशी रीत वापरतो: जेटसाठी मिनिटाला १३.५ किलोमीटर धरून वर ३० मिनिटं, एटीआरसाठी मिनिटाला ८ किलोमीटर धरून वर २२ मिनिटं. एटीआर कमी उंचीवर उडतं, म्हणून त्याचा चढ-उताराचा वेळ थोडा कमी.

नाशिक–नागपूर जेटने: ५४५ भागिले १३.५, म्हणजे ४० मिनिटं, अधिक ३०. एक तास दहा मिनिटं. एटीआरने: ६८ अधिक २२, दीड तास. हैदराबाद याच रीतीने जेटने ७२ मिनिटं, एटीआरने ९४. अहमदाबादला मात्र जेट ५६ मिनिटं आणि एटीआर ६६. बघा, साडेतीनशे किलोमीटरवर जेटचा फायदा फक्त दहा मिनिटांचा उरतो. एवढ्यासाठी ‘मोठंच विमान हवं’ असा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

तिकिटावरची वेळ यापेक्षा दहा-पंधरा मिनिटं जास्त दिसली तर गोंधळू नका. तिकिटावरचा निघण्याचा वेळ म्हणजे विमान जागेवरून हलण्याचा, आणि पोहोचण्याचा वेळ म्हणजे पलीकडे जागेवर थांबण्याचा. या दोन्हींमधल्या काळाला विमानवाले ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. कंपन्या त्यात थोडी गंगाजळी ठेवतात, म्हणजे उशिरा निघूनही वेळेवर पोहोचल्याचं म्हणता येतं. दिल्ली, बेंगळुरूसारख्या गजबजलेल्या ठिकाणी उतरायचं असेल तर तुम्हीही आपल्या हिशेबात पंधरा मिनिटं वाढवा. तिथे उतरायला आकाशात रांग असते. ओझरला रांग बहुधा नसते.

वाऱ्याचं देणंघेणं

हिवाळ्यात उत्तर आणि मध्य भारतावर वरच्या थरांत पश्चिमेचा जोरदार वारा असतो. नागपूरला जाताना तो पाठीवर, येताना तोंडावर. समजा जेटच्या उंचीवर ताशी ८० किलोमीटरचा वारा आहे: जाताना मधला टप्पा ३६ मिनिटांचा, येताना ४४ चा. एटीआर पाच-सहा किलोमीटर उंचीवर उडतं, तिथे वारा कमी; ताशी ४० धरला तरी विमानच हळू असल्यामुळे जाताना ६१ आणि येताना ७१ मिनिटं होतात. पावसाळ्यात चित्र उलटसुलट होतं. खालच्या थरांत मोसमी वारा पश्चिमेचाच असतो, पण खूप वर तो पूर्वेचा होतो. म्हणजे एकाच दिवशी एटीआरला पाठबळ आणि जेटला अडथळा, असंही होऊ शकतं. म्हणून जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगळा लिहिलेला असला तर ती छपाईची चूक नव्हे.

दोन्हीकडे घड्याळ एकच, त्यामुळे वेळेची भर-वजाबाकी नाही. सूर्य मात्र ऐकत नाही: पाच अंश पूर्वेला असल्यामुळे नागपुरात तो नाशिकपेक्षा साधारण वीस मिनिटं आधी उगवतो आणि आधी मावळतो. संध्याकाळच्या विमानाने जाणाऱ्यांना वाटतं तेवढा उजेड तिकडे उरलेला नसतो.

घर ते घर

आता मूळ मुद्दा. समजा तुम्ही कॉलेजरोडला राहता, नागपुरात धरमपेठेत जायचंय आणि विमान एटीआर आहे.

कॉलेजरोडहून आग्रा रोडला लागायचं, आडगाव नाका, मग आडगाव, पुढे ‘दहावा मैल’ नावाच्या ठिकाणावरून जानोरीकडे वळायचं. अंतर वीस-बावीस किलोमीटर. सकाळी सहाला पस्तीस मिनिटांत होतं, संध्याकाळी सहाला तासही लागतो. नाशिकरोड किंवा सिडकोकडून येणाऱ्यांना आणखी वेळ धरावा लागतो. सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या बाजूच्यांनी द्वारकेच्या नादी न लागता उड्डाणपुलावर चढून थेट के. के. वाघ कॉलेजपाशी उतरावं. नाशिकरोडच्यांची मात्र द्वारकेपासून सुटका अवघड. त्यांनी पंधरा मिनिटं तिच्या नावाने काढून ठेवावीत. परतीला ओझरहून टॅक्सी मिळेल या भरवशावर राहू नका. उड्डाणं मोजकी असल्यामुळे गाड्याही मोजक्या असतात. आधी सांगून ठेवा किंवा घरच्यांना बोलवा.

सामान जमा करायचं असेल तर काउंटर साधारणपणे निघण्याच्या ६० मिनिटं आधी बंद होतं, आणि गेट २५ मिनिटं आधी. नेमका नियम तिकिटावर असतो. ओझरला टर्मिनल आटोपशीर आहे, त्यामुळे दोन तास आधी जाऊन बसायची गरज नाही. दीड तास पुरतो. नुसती हातातली बॅग असेल आणि बोर्डिंग पास मोबाइलवर काढलेला असेल तर सव्वा तासही चालतो. त्याखाली मी तरी जाणार नाही, कारण रोजची एकच फेरी असलेल्या मार्गावर विमान चुकलं की पुढचं उद्याच. आणि हो, धावपट्टी संरक्षण खात्याशी जोडलेल्या कारखान्याची आहे. विमानाकडे चालत जाताना फोटो, व्हिडिओ काढायचा मोह आवरा.

हिशेब मांडू. घर ते ओझर ५० मिनिटं. विमानतळावर ९०. विमान ९०. नागपूरला सामान येईपर्यंत २०. सोनेगाव ते धरमपेठ ३०. बेरीज २८० मिनिटं, चार तास चाळीस. ५४५ किलोमीटरला एवढा वेळ म्हणजे सरासरी वेग ताशी ११७ किलोमीटर. समृद्धी महामार्गावर मोटारीला मुभा आहे ती ताशी १२० ची!

म्हणून काही विमान वाया गेलं असं नाही. समृद्धीने जायचं तर आधी सिन्नरजवळ गोंद्यापर्यंत जाऊन वर चढावं लागतं, रस्त्याचं अंतर सहाशेच्या वर होतं, आणि सलग १२० ने कोणी जात नाही, जाऊही नये. चहापाणी, डिझेल धरून सात-आठ तास. रेल्वेला रात्र जाते, पण ती झोपेत जाते, हे विसरू नका. संध्याकाळी नाशिकरोडला बसून सकाळी नागपुरात उतरणाऱ्याचा कामाचा दिवस बुडत नाही. दुपारच्या विमानाने जाणाऱ्याचा अर्धा बुडतो. विमान कधी परवडतं? जेव्हा त्याची वेळ तुमच्या कामाच्या वेळेशी जुळते तेव्हा. अंतर तिथे गौण.

हाच हिशेब मुंबईमार्गे करून बघा. मुंबई–नागपूर हवाई अंतर ६८३ किलोमीटर, विमानं दिवसभर. पण नाशिकहून मुंबईच्या विमानतळापर्यंत रस्त्यानेच चार तास धरावे लागतात, त्यावर मोठ्या विमानतळाचे दोन तास. विमानात बसेपर्यंत सहा तास झाले. शिर्डीचा काकडी विमानतळ ओझरपासून सरळ रेषेत फक्त ६८ किलोमीटरवर आहे, रस्त्याने त्याहून बराच लांब पडतो. सिन्नर बाजूच्या लोकांनी तो जरूर तपासावा, त्यांना ओझरइतकाच सोयीचा पडू शकतो.

थेट विमान नसेल तर

नाशिक–कोल्हापूर घ्या. हवाई अंतर ३८६ किलोमीटर, एटीआरने सत्तर मिनिटांचं काम. पण थेट सेवा नसली तर हे गणित कागदावरच राहतं. हैदराबादमार्गे जायचं म्हटलं तर ५७३ अधिक ४४५, म्हणजे हजारावर किलोमीटर: आधी पूर्वेला, मग परत पश्चिमेला. त्यात मधला मुक्काम. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तर मध्ये दीड तास पुरे. वेगवेगळी तिकिटं असतील तर तीन तासांहून कमी ठेवू नका, कारण पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं काही देणंघेणं नसतं. एकूण सात-आठ तास सहज होतात, आणि एसटीची शिवशाही त्याहून थोड्याच जास्त वेळात पुणे-सातारा करून थेट कोल्हापूरला पोहोचते.

म्हणून अंतर काढल्यावर लगेच दुसरा प्रश्न विचारा: थेट विमान आहे का, आणि आठवड्यातून किती वार? प्रादेशिक मार्ग सुरू होतात आणि बंदही पडतात. नाशिककरांना याचा अनुभव आहे. केंद्र सरकारच्या प्रादेशिक विमानसेवेच्या ‘उडान’ योजनेतून २०१७ च्या डिसेंबरात मुंबई आणि पुण्याची छोटी विमानं सुरू झाली, ती टिकली नाहीत. २०२३ मध्ये इंडिगोने नागपूर, गोवा, अहमदाबाद जोडलं. वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. या दोन रविवारांच्या पलीकडची तारीख असेल तर आजचं वेळापत्रक बघून लग्नाची पत्रिका छापू नका. नेमकी तारीख टाकून शोधा. सिंहस्थाच्या काळात, विशेषतः २०२७ च्या पर्वणीच्या दिवसांत, ओझरपर्यंतचा रस्ता आणि तिकिटाचा दर दोन्ही नेहमीच्या हिशेबात बसणार नाहीत. तेव्हा घर ते विमानतळ हा आकडा सरळ दुप्पट धरा.

जागा निवडताना

एटीआरमध्ये प्रवासी मागच्या दाराने चढतात-उतरतात, पुढच्या भागात सामान असतं. जेटच्या सवयीने पुढची जागा घेणारे एटीआरमधून सगळ्यात शेवटी बाहेर पडतात. पंखेही पुढच्या भागाजवळ, त्यामुळे आवाज तिकडे जास्त. लवकर उतरायचं आणि जरा शांत बसायचं तर मागच्या रांगा घ्या. वरचे कप्पे लहान असतात. चाकांची बॅग शिडीपाशीच काढून घेतात आणि उतरल्यावर तिथेच देतात. औषधं, चाव्या, लॅपटॉप वेगळ्या पिशवीत ठेवलेले बरे.

पंख वर असल्यामुळे खिडकी कुठलीही चांगली. नागपूरला जाताना उजवीकडे बसलात तर उड्डाणानंतर थोड्याच वेळात नांदूरमध्यमेश्वरचं पाणी दिसू शकतं. डावीकडे बसलात तर गिरणा धरण, मग अजिंठ्याचे डोंगर. हिवाळ्यात ऊन दिवसभर दक्षिणेकडून, म्हणजे जाताना उजवीकडून येतं.

विमान रद्द झालं तर

ब्लॉक टाइम आठवतो ना, तो इथे पैशांत मोजला जातो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमाप्रमाणे आधी न कळवता विमान रद्द केलं आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल, तर भरपाईची कमाल रक्कम ब्लॉक टाइमवर ठरते. एक तासापर्यंत ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५००, दोन तासांच्या वर १०,०००. किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांतलं जे कमी असेल ते. नाशिक–नागपूर दुसऱ्या गटात बसतं. अहमदाबादचं विमान तिकिटावर ५५ मिनिटांचं दाखवलं असेल तर पहिल्या गटात, एक तास दहा मिनिटांचं असेल तर दुसऱ्या. धुकं, वादळ, धावपट्टी बंद अशा कारणांना ही भरपाई लागू नाही. पैसे परत किंवा दुसरं विमान, यांतलं एक मात्र मागता येतं. अडीच तासांपर्यंतच्या ब्लॉक टाइमच्या विमानाला दोन तास किंवा जास्त उशीर झाला तर खाणंपिणं देणं कंपनीवर बंधनकारक आहे. ते आपणहून मिळेलच असं नाही, काउंटरवर जाऊन मागावं लागतं. सहा तासांच्या वरचा उशीर आधी कळवलेला असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा यांतला पर्याय तुमचा.

मागणी करताना तिकीट, बोर्डिंग पास आणि कंपनीकडून आलेला उशिराचा किंवा रद्द झाल्याचा मेसेज, तिन्हींचे स्क्रीनशॉट जवळ ठेवा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, तिथे दाद लागली नाही तर सरकारच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर. तक्रारीत उड्डाणाचा क्रमांक, तारीख आणि तिकिटावरची दोन्ही वेळांची नोंद जशीच्या तशी लिहा.